त्रुटी क्रमांक सात

आठ दिवसांत न्हाणीघराची परवानगी आणून दाखवते, असं मी आईला सांगितलं तेव्हा ती मटार सोलत होती. तिने मान वर केली नाही. "बघ बाई," म्हणाली, "कुणाची मुलगी आहेस ते तू विसरलीस तरी कचेरीतले विसरणार नाहीत." मला हे कौतुक वाटलं. माणसाचं वाचन फार झालं की साधी वाक्यं त्याला कळेनाशी होतात.

प्रकरण अगदी लहान होतं. आमच्या घरात खाली बैठकीची खोली आणि स्वयंपाकघर, वर झोपायची खोली, आणि संडास-न्हाणीघरही वरच. मध्ये चौदा पायऱ्या. आईचे गुडघे काही वर्षांपूर्वी संपावर गेले ते परत कामावर आले नाहीत. कठडा दोन्ही हातांनी धरून, एका पायरीवर दोन्ही पाय आणून मगच पुढची पायरी, अशी ती चढते. दोन महिन्यांपूर्वीपर्यंत बाबा तिच्यामागून चढत असत. मग बाबा गेले आणि जिना तेवढा राहिला.

मी दुसऱ्या शहरात नोकरी करते. तीन आठवड्यांची रजा काढून आले होते. परसात, स्वयंपाकघराला लागून, एक न्हाणीघर झालं असतं तर आई या घरात राहू शकली असती. नाही झालं तर माझ्या दोन खोल्यांत. तिथे लिफ्ट आहे, दवाखाना जवळ आहे आणि खिडकीतून समोरच्या इमारतीची पाण्याची टाकी दिसते. आई एकदा येऊन गेली होती. तिला जागा कशी वाटली म्हणून मी विचारलं, तर बराच वेळ विचार करून म्हणाली, "टाकी चांगली आहे."

तर असं होतं ते. न्हाणीघर किंवा टाकी.

तयारी मात्र माझी जय्यत होती. बांधकामाची नियमावली मी येतानाच्या प्रवासात वाचून काढली होती, तळटिपांसकट. कथानक सैल आहे, पण एकही पात्र शेवटपर्यंत सुटत नाही. शिवाय लोक अशा कामासाठी ओळखी शोधत दारोदार फिरतात, आणि आमची ओळख तर घरचीच. परवानगी देणाऱ्या कचेरीत बांधकामाच्या टेबलावर माझे बाबा एकतीस वर्षं बसले होते.

पहिल्याच दिवशी सकाळी गवंडी आला. त्याने परस पाहिलं, जिना पाहिला, वर जाऊन आला, खाली येऊन स्वयंपाकघरात शेगडीपाशी थोडा वेळ उभा राहिला आणि म्हणाला, "ताई, एक सांगू का?"

"परवानगीशिवाय वीट लावायची नाही."

"ते नाही म्हणत मी. माझं म्हणणं—"

"सगळं गाव तसंच बांधतं, मला माहीत आहे. या घरात नाही."

त्याने पेन्सिल कानामागे ठेवली. "बरं," म्हणाला, "तुमचे बाबाही बोलू द्यायचे नाहीत."

तो जे म्हणणार होता असं मला वाटलं, ते खरंच होतं म्हणा. बाबांच्या कारकिर्दीत गावात परवानग्या फार थोड्या मिळाल्या. घरं मात्र भरपूर झाली. आमच्या शेजाऱ्याने तर परवानगीच्या अर्जावर उत्तर येईपर्यंत वेळ जावा म्हणून दोन मजले बांधले आणि पुढे तिसऱ्याला सुरुवात केली. बाबा रोज त्या घरासमोरून कचेरीत जायचे, मान खाली घालून. जणू चूक त्यांची होती.

कचेरी धक्क्याजवळ आहे. खाऱ्या वाऱ्याने लोखंडी कपाटांना आतून-बाहेरून गंज चढलाय, आणि टेबलावरचे कागद उडू नयेत म्हणून प्रत्येक ढिगावर किनाऱ्यावरचा एकेक गोटा. मी आत गेले, टेबलापाशी उभी राहिले, आणि ज्या वाक्यावर माझी सगळी मदार होती ते वाक्य बोलले. मी त्यांची मुलगी.

सगळे उभे राहिले. आदराने असेल असं मला क्षणभर वाटलं. पण कोपऱ्यातल्या माणसाने घाईघाईने डब्याचं झाकण लावलं, आवक टेबलावरच्या म्हाताऱ्या कारकुनाने खण बंद केला, आणि कुणीतरी हळूच म्हणालं, "त्रुटीकाकांची." तेव्हा कळलं की ती सवय होती. बाबा आत आले की हे लोक असेच उठत असणार, आणि बाबा अर्ज परत करायचे तेव्हा त्यावर लाल शाईने 'त्रुटी' असंच लिहायचे. एवढं सुबक नाव एकतीस वर्षं आमच्या घरापर्यंत पोचलं नाही, याचं मला नवल वाटलं.

आतल्या खोलीतून मोठे साहेब बाहेर आले. माझ्याकडे बघून त्यांचा चेहरा पडला. "मुलगी आहात का? अरेरे. मग नियमानेच करावं लागेल."

"नियमानेच हवंय मला."

"तेच म्हणतोय मी," असं म्हणून ते परत आत गेले.

मला चहा आला. माझ्या आधीच्या माणसाला कुंपणाच्या भिंतीची परवानगी हवी होती. माझा चहा निवायच्या आत ती घेऊन तो गेलाही. तो कुणाचा मुलगा होता ते विचारायला हवं होतं.

बाबांच्या टेबलावर आता एक बाई बसतात. बाबांच्या हाताखाली त्या वीस वर्षं होत्या. त्यांनी कपाटातून फाइल काढली, फडक्याने पुसली आणि माझ्यापुढे ठेवली. "सरांची आहे," म्हणाल्या. "तीन वर्षांपूर्वीची. निवृत्त व्हायच्या वर्षभर आधी अर्ज केला होता त्यांनी."

"म्हणजे बाबांनी न्हाणीघरासाठी अर्ज केला होता?"

"हो. आणि मग त्यांनीच त्याच्यावर शेरा मारला."

"कुणी?"

"सरांनी. टेबल त्यांचंच होतं ना. दुसरं कोण मारणार?"

मी फाइल उघडली. त्यात एका माणसाचा स्वतःशी झालेला पत्रव्यवहार होता. अर्जदार निळ्या शाईत, लेखनिक लाल शाईत, अक्षर एकच. घरचा पेन आणि कचेरीचा पेन बाबांनी आयुष्यात कधी एका खिशात ठेवला नाही.

"अर्जदार यांस," लाल शाईने लिहिलं होतं, "न्हाणीघराची गरज का आहे याचा खुलासा केलेला नाही."

"पत्नीस जिना चढवत नाही," निळी शाई म्हणत होती.

"जिना किती पायऱ्यांचा आहे हे नमूद नाही."

"चौदा."

"अर्जदार यांस कळविण्यात येते की, एका शब्दाचे उत्तर कार्यालयीन पत्रव्यवहारास धरून नाही. सबब समज देण्यात येत आहे."

चार दिवसांनी निळी शाई: "झाल्या प्रकाराबद्दल दिलगीर आहे. जिन्यास चौदा पायऱ्या आहेत."

मी वाचत होते आणि खोलीतले सगळे आपापल्या कागदांकडे बघत मला बघत होते. मला हसू येत होतं, आणि हसू आलं की पाठोपाठ जे येतं ते येऊ नये म्हणून मी पानं भराभर उलटत होते. नकाशावर उत्तर दिशा नाही. दुरुस्त. सांडपाण्याची सोय दाखवलेली नाही. दुरुस्त. भरतीच्या रेषेपासून अंतर पन्नास मीटर हवं. बाबांनी मोजून एक्कावन्न लिहिलं होतं, आणि मग लाल शाईने स्वतः जाऊन, टेप लावून, एक्कावन्नच असल्याची खात्री केली होती. एकामागून एक सहा त्रुटी निघाल्या होत्या. प्रत्येकीपुढे सही, तारीख.

सातवी तशीच होती. "घर पती-पत्नी दोघांच्या नावे आहे. सहमालकाची लेखी संमती जोडलेली नाही."

त्यामागे एक लिफाफा. कचेरीने सहमालकाला, म्हणजे माझ्या आईला, नोंदणीकृत पोस्टाने पाठवलेली नोटीस. लिफाफा परत आला होता. वर पोस्टमनचा शेरा: घेण्यास नकार.

"मग पुढे?"

"पुढे काही नाही. ज्याचा शेरा, त्याच्याच सहीने निघतो. तो नियम सरांनीच आणला. पूर्वी लोक दुसऱ्या कुणाला तरी धरून शेरे काढून घ्यायचे." बाईंनी गोटा उचलून पुन्हा त्याच जागी ठेवला. "ताई, तुम्ही काकूंची सही आणा. बाकीचं मी बघते."

"पण शेरा काढायला बाबा कुठे आहेत? ते तर—"

"आम्हाला माहीत आहे हो. मी आले होते ना त्या दिवशी घरी." त्यांचा आवाज खाली आला. "पण फाइलीला कुठे माहीत आहे?"

"म्हणजे?"

"म्हणजे काही नाही. फक्त सही आणा. बाकी काही आणू नका."

"काहीच नको?"

"काही म्हणजे काही नको," त्या म्हणाल्या, आणि आपल्या टेबलाच्या खणाकडे बघत राहिल्या.

एखाद्या अडाण्यालाही यातलं मर्म कळलं असतं. मला त्यातलं एकच वाक्य लक्षात राहिलं: फाइलीला माहीत नाही. म्हणजे फाइल अपूर्ण आहे.

घरी आले तर आई पहिल्या पायरीवर बसली होती. चढायच्या आधी ती तिथे जरा वेळ बसते.

"आई, तीन वर्षांपूर्वी पोस्टमन एक पत्र घेऊन आला होता?"

"आला होता."

"तू घेतलं नाहीस?"

"नाही घेतलं."

"का?"

"पोस्टमन फाटकात उभा होता," आई म्हणाली. "मी दारात. आणि तुझे बाबा माझ्या मागे, त्या खुर्चीत, पेपर वाचत. तीन हातांवर. मी विचारलं, कुणाचं पत्र? पोस्टमन म्हणाला, कचेरीचं. मी मागे वळून बघितलं. यांनी पान उलटलं."

"काहीच बोलले नाहीत?"

"कचेरीतलं घरी बोलायचं नाही, हा त्यांचा नियम. मग मी पोस्टमनला म्हटलं, परत ने. ज्याने पाठवलंय तो घरीच आहे, त्याला तोंड आहे. बिचारा पोस्टमन. त्याने तसा शेरा लिहिला आणि गेला."

"आई, एक सही हवी होती. एक."

"एक प्रश्न हवा होता," आई म्हणाली. "एक."

पुढे दोघांनीही वाट बघितली. बाबांनी सहीची, आईने प्रश्नाची. निवृत्त झाल्यावरही. माझ्या फोनवर दोघंही सांगायची, सगळं ठीक आहे. मी इतकी पुस्तकं वाचली, दोन माणसांमधल्या मौनावर जगात काय काय लिहिलं गेलंय ते तोंडपाठ होतं, आणि दर रविवारी फोन ठेवताना मला वाटायचं, म्हातारी किती शांतपणे राहतायत.

मी संमतीचा कागद पुढे केला. आईने हात पुढे केला नाही.

"आधी विचार."

"काय?"

"तोंडाने विचार मला."

"आई, परसात न्हाणीघर बांधलं तर चालेल का?"

"चालेल की. न चालायला काय झालं?" असं म्हणून तिने मांडीवर कागद ठेवून सही केली. सही कागदाच्या मानाने मोठी आली. तीन वर्षं साठलेली असणार.

पुढचे पाच दिवस कागद जमवण्यात गेले. सातव्या दिवशी मी कचेरीत निघाले तेव्हा गवंडी फाटकात भेटला. "ताई, मी काय म्हणत होतो—"

"उद्यापासून काम सुरू," मी म्हणाले. माझ्या हातातल्या पिशवीकडे बघून तो बाजूला झाला.

पिशवी जड होती. नुसती सही घेऊन जायला मी काय अडाणी होते? सहीबरोबर मालकीचा उतारा होता, नकाशाच्या तीन प्रती होत्या, आईच्या दोन्ही गुडघ्यांचे एक्स-रे होते, डॉक्टरांचं पत्र होतं, जिन्याचे तीन बाजूंनी काढलेले फोटो होते. आणि फाइलीला जे माहीत नव्हतं ते तिला कळावं म्हणून बाबांच्या मृत्यूचा दाखला, साक्षांकित, तीन प्रतींत. वर माझ्या हाताने लिहिलेली अनुक्रमणिका. वाटेत एकदा थांबून मी ती पुन्हा वाचली, आणि खरं सांगायचं तर, मला वाटलं की आज बाबा असते तर एकही त्रुटी काढू शकले नसते.

बाई जेवायला गेल्या होत्या. आवक टेबलावरचा म्हातारा कारकून जागेवर होता. मी गठ्ठा त्याच्यापुढे ठेवला. अनुक्रमणिका बघून त्याचे डोळे भरून आले. "अगदी सरांसारखं," म्हणाला. मग त्याने शिक्का घेतला, शाईच्या गादीवर दाबला आणि एकेका कागदावर, घाई न करता, अगदी मनापासून 'आवक' मारत गेला. दाखल्याच्या तिन्ही प्रतींवरही.

शेवटच्या शिक्क्याला बाई दारात आल्या. हातात धुतलेला डबा होता. त्यांनी टेबल बघितलं, मला बघितलं.

"काय आणलंत?"

"सगळं," मी म्हणाले.

त्यांनी गठ्ठ्यातून दाखला बाहेर काढला. शिक्क्याची शाई अजून ओली होती. त्या खुर्चीत बसल्या आणि डबा मांडीवरच राहिला.

"मी काय सांगितलं होतं, ताई?"

"पण फाइल अपूर्ण होती."

"फाइल अपूर्ण होती म्हणून तर काम होणार होतं." त्यांनी खण उघडला. तळाशी अंथरलेल्या वर्तमानपत्राखालून एक कागद काढून माझ्यापुढे धरला.

निळ्या शाईतला होता. सहमालकाची संमती आल्यास त्रुटी क्र. ७ काढण्यात यावी. मी नसलो तरी हरकत नाही. खाली बाबांची सही. त्याखाली 'दिनांक' असं लिहून पुढची जागा रिकामी.

"निवृत्तीच्या दिवशी देऊन गेले," बाई म्हणाल्या. "तारीख तुम्ही टाका म्हणाले. मी वीस वर्षांत त्यांना तारीख न टाकता सही करताना बघितलं नव्हतं. मीच घाबरले. दर महिन्याला खण आवरताना बघायचे, आहे ना म्हणून."

माझ्या बाबांनी आयुष्यात एकदा नियम मोडला होता, तोही अर्धाच, आणि उरलेला अर्धा दुसऱ्याने मोडावा म्हणून घडी घालून ठेवून दिला होता. मी त्यावर तीन प्रतींत माती टाकली.

"आता लावता येणार नाही हा?"

"कसा लावणार? आता फाइलीला कळलं ना."

मोठे साहेब बाहेर आले. त्यांनी दाखला वाचला, फाइल वाचली, चष्मा काढला. "म्हणजे शेरा मारणारा वारला. ठीक आहे. मग मी माझ्या अधिकारात शेरा काढू शकतो." त्यांनी काढलाही. सही केली, तारीख टाकली. मी उठून त्यांचे आभार मानायला लागले.

"थांबा," ते म्हणाले. "अर्जदारही वारलाय."

"पण तो एकच माणूस आहे."

"तेच तर. अर्जदार मयत झाला की अर्ज संपतो."

"मी वारस आहे त्यांची."

"घराची आहात. अर्जाची नाही. अर्ज म्हणजे काही दागिना नाही, आईकडून लेकीकडे यायला. त्याचं परिपत्रक आहे." कुणाचं परिपत्रक ते त्यांनी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

मी खूप वाद घातला. कचेरीपुरतं त्यांना मयत धरावं आणि अर्जापुरतं हयात, अशी काही सोय करता येईल का, असंही विचारलं. एकतीस वर्षं हा माणूस कचेरीत एक आणि घरी एक असा दोन माणसांसारखा वागला. मरताना मात्र दोघं एकदम गेले. साहेबांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "तुमच्या जागी दुसरं कुणी असतं ना, तर केलं असतं हो काहीतरी."

आता एकच रस्ता होता. आईच्या नावे नवा अर्ज. बाईंनी तो माझ्याबरोबर बसून भरला, दुसऱ्याच दिवशी मोजणीवाला घरी पाठवला. त्याने ओल्या वाळूत भरतीच्या रेषेवर काठी रोवली. टेपचं एक टोक त्याच्या हातात, दुसरं गवंड्याच्या. दोघं आमच्या परसापर्यंत चालत आले. आई वरच्या खिडकीतून बघत होती.

मोजणीवाल्याने दोनदा मोजलं. मग गवंड्याला टेप ताणून धरायला सांगून तिसऱ्यांदा मोजलं.

"सत्तेचाळीस."

"एक्कावन्न आहे," मी म्हणाले. "बाबांनी मोजलंय. दोनदा. दोन्ही पेनांनी."

"असेल हो. तीन वर्षांपूर्वी असेल." त्याने काठीकडे बोट केलं. "समुद्र पुढे आलाय. जुन्या अर्जाला जुनं अंतर चाललं असतं, नव्या अर्जाला नवंच लागतं."

तीन वर्षांत समुद्र चार मीटर सरकला. फाइल सरकली नाही.

मोजणीवाला गेला. मी परसात उभी राहिले. इथून पुढे या घराला न्हाणीघर कधीच मिळणार नव्हतं. कुणीही, कितीही सह्या आणल्या तरी. आणि हे मी केलं होतं, अनुक्रमणिकेसह. आईच्या कपाटातले कपडे कोणत्या पेटीत मावतील याचा मी विचार करायला लागले होते. गवंडी टेप गुंडाळत होता.

"बांधून टाक," मी त्याला म्हणाले. "परवानगी गेली खड्ड्यात. उद्या सुरू कर."

त्याने माझ्याकडे जरा दयेनेच बघितलं. "ताई, आता तरी मी बोलू का?"

"बोल."

"न्हाणीघर खाली आणायचं कशाला? शेगडी वर न्या ना."

मी वरच्या खिडकीकडे बघितलं.

"वरची खोली मोठी आहे. खिडकीखाली ओटा बसतो. पाणी वर आहेच. भिंत नाही पाडायची, वीट नाही लावायची, परवानगी कशाला लागते? काकूंना जिनाच नको मग. तुमच्या बाबांना सांगायला गेलो होतो मी एकदा. म्हणाले, लेखी दे."

दुपारी त्याने एका माणसाला बोलावलं. दोघांनी मिळून शेगडी, गॅसची टाकी, मांडणी, डबे वर नेले. लाकडी ओटा संध्याकाळी चारपर्यंत तयार झाला. मी बोलले होते तो आठवा दिवस.

आई वरच्या खिडकीशी खुर्चीत बसून सगळं बघत होती. तिच्यासमोर आता समुद्र होता, पाठीमागे शेगडी, आणि न्हाणीघर सात पावलांवर. मी पहिला चहा केला आणि तिला दिला.

"आई, हे तीन वर्षांपूर्वी एका दुपारीत झालं असतं."

"हो."

"तुला कधी सुचलं नाही?"

"सुचलं होतं की. गुडघे गेले त्याच आठवड्यात सुचलं होतं."

"मग बोलली का नाहीस?"

आईने चहा बशीत ओतला, फुंकर मारली. "लग्न झाल्यापासून तुझे बाबा रस्त्याने माझ्या वीस पावलं पुढे चालायचे. बाजारात, लग्नाकार्यात, दवाखान्यात. मी पोचेपर्यंत यांचं बोलून झालेलं असायचं. एका जिन्यावरच तेवढे मागे चालायचे. हात असे पुढे धरून. लावायचे नाहीत, नुसते धरायचे." ती चहा प्यायली. "दिवसातून दोनदा. शेगडी वर नेली असती तर ते कशाला आले असते मागे?"

मी कप विसळायला घेतला. नळ नवीन नव्हता, तरी बराच वेळ सोडून ठेवला.

माझी रजा संपायच्या आधी नोंदणीकृत पोस्टाने एक पत्र आलं. पोस्टमनने खालून हाक मारली. मी उठत होते, तर आईने मला बसवलं आणि खिडकीतून त्याला वर बोलावलं. या वेळी तिने पत्र घेतलं. पोचपावतीवर सहीही केली. मग चष्मा लावला, लिफाफा उलटसुलट करून बघितला आणि माझ्याकडे दिला. "वाच."

पत्र बाबांच्या नावे होतं. "आपणांस कळविण्यात येते की, आपण मयत झाल्याने आपला अर्ज निकाली काढण्यात आला आहे. याबाबत काही म्हणणे असल्यास आपण स्वतः कार्यालयीन वेळेत उपस्थित राहावे."

आई हसली नाही. मीही नाही.

"तारीख आहे?" तिने विचारलं.

"आहे."

"सही?"

"साहेबांची आहे."

"जावक क्रमांक?"

मी पत्र उजेडात धरलं. वर, खाली, मागे बघितलं. "नाहीये."

"मग परत पाठव," आई म्हणाली. "त्यांना चाललं नसतं."

मी लाल पेन शोधला. बाबांच्या सदऱ्याच्या कचेरीच्या खिशात होता. त्रुटी लिहिली, खाली सही केली, तारीख टाकली, आणि पत्र परत पाठवलं. त्याला आता चार महिने झाले. खुलासा अजून आलेला नाही.